आधी पायपीट, मग थीसिस नीट

पोरी, तुला अर्बन डिझाइनच्या पीएचडीला प्रवेश मिळाल्याचं ताईने फोनवर सांगितलं आणि पाठोपाठ विचारलं, ‘पण म्हणजे ही करणार काय?’ मी म्हटलं, शहरात लोक कुठे बसतात, कुठे रेंगाळतात आणि कुठून हुसकावले जातात, याचा अभ्यास करणार. ताई म्हणाली, ‘एवढ्याला पैसे देतात?’ देतात गं. म्हणूनच जरा जबाबदारीने वागावं लागतं. आपला पेशा दुसऱ्यांच्या बसण्याउठण्यावर चालतो. भाजीवालीने धंद्यातून काढलेली दहा मिनिटं, वॉचमनने पुढे सरकवलेलं स्टूल, वॉर्ड ऑफिसातल्या क्लार्कने शोधून दिलेली फाइल, यांच्यावर आपले पेपर उभे राहतात. तेव्हा नीट मोजावं, खरं लिहावं आणि ज्याचं त्याला परत सांगावं. मला सांगायचंय ते एवढंच. पण एवढ्यात आटोपलं तर ती मावशी कसली! खालचे कानमंत्र घे. सगळे एकदम पाळायला जाऊ नकोस, दमशील.

विषय धरताना

१. अभ्यासाची जागा अशी निवड, की जिथे लोकलने किंवा बसने तासाभरात पोचता येईल – लांबची जागा पहिल्या वर्षी सुंदर वाटते, तिसऱ्या वर्षी तिथे जायचं राहूनच जातं.

२. ‘मुंबईतल्या सार्वजनिक जागा’ हा विषय नव्हे, ती तक्रार झाली. ‘दादर स्टेशनबाहेरचा फुलबाजार पहाटे आणि संध्याकाळी कसा बदलतो’ हा विषय – विषय आखूड असला की खोल जाता येतं, रुंद असला की नुसतं फिरणं होतं.

३. पॅट्रिक गेडीस यांच्यापासून सुरुवात कर. हे स्कॉटिश गृहस्थ १९१९ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले – आधी पाहणी मग आराखडा, आणि जुनी वस्ती सरसकट न पाडता हलक्या हाताने सुधारावी, हे त्यांनी इथल्याच गावांतून हिंडून सांगितलं. आपल्या पेशाचं एक मूळ आपल्या दारात आहे, ते आधी बघ.

४. परदेशातला सिद्धान्त खुशाल आण, पण त्याला इथलं ऊन दाखव – कोपनहेगनमध्ये लोक उन्हाचा कोपरा पकडून बसतात, नागपुरात मे महिन्यात तसं कोण बसेल? आपल्याकडे ‘बाक उन्हात, गर्दी झाडाखाली’ हेच खरं.

५. आवडती जागा विषय म्हणून घेतलीस तर तिथे न आवडणारं काय आहे, याची यादी पहिल्याच आठवड्यात कर – प्रेमात पडलेल्या संशोधकाला तुटलेली फरशी दिसत नाही, परीक्षकाला मात्र तीच पहिली दिसते.

जागेवर जाताना

६. मैदान रिकामं दिसलं की आधी घड्याळ बघावं – शिवाजी पार्कात सकाळी चालणारे, संध्याकाळी क्रिकेटवाले आणि दिवेलागणीनंतर कट्ट्यावरची मंडळी, असे वेगवेगळे लोक एकच मैदान वाटून घेतात. तू एकाच वेळी गेलीस तर तुला एकच शिवाजी पार्क भेटेल.

७. मोजणी दिवसभर सलग करू नकोस. दर तासाला दहा मिनिटं, ठरलेल्या जागी उभं राहून, ठरलेल्या रेषेवरून जाणारे मोज – डॅनिश आर्किटेक्ट यान गेल यांच्या परंपरेतले लोक असंच करतात, आणि दुपारी डोळे जड झाल्यावरचे आकडे तसेही देवाच्या भरवशावर असतात.

८. कागदाच्या माथ्यावर वार, वेळ, ऊन की पाऊस, आणि जवळपास काही विशेष चालू आहे का, एवढं आधी लिही – चतुर्थीच्या दिवशी देवळासमोर मोजलेली गर्दी नुसत्या मंगळवारच्या नावावर खपवायची नसते.

९. गेल आणि बिर्गिटे स्वारे यांच्या २०१३ सालच्या पुस्तकात पाहणीच्या रीती दिल्या आहेत: मोजणं, नकाशावर टिपणं, चालण्याच्या रेघा ओढणं, पाठोपाठ जाणं, खुणा शोधणं, फोटो, डायरी आणि स्वतः चालून बघणं. त्यातल्या दोन किंवा तीन धर – आठही एकदम करणाऱ्याच्या वह्या भरतात, पण हाताला काही लागत नाही.

१०. त्यातली ‘पाठोपाठ जाणं’ ही रीत एकट्या बाईच्या किंवा मुलाच्या बाबतीत वापरूच नकोस – तू संशोधक आहेस हे तुला ठाऊक, तिला नाही. एका जागी बसून जाणाऱ्यांच्या रेघा ओढल्यास काम भागतं.

११. गुळगुळीत झालेली पायरी, गवतातून पडलेली पायवाट, भिंतीवरचे पानाचे डाग, झाडाला बांधलेली सुतळी हे सगळं टिपून ठेव – तू घरी गेल्यावर तिथे काय चालतं ते या खुणाच सांगतात.

१२. बसायच्या जागा मोजताना आर्किटेक्टने काढलेले बाक सोडून बाकीचं आधी मोज: दुकानाची पायरी, नाल्याचा कठडा, उभी केलेली स्कूटर, चहावाल्याचं प्लास्टिकचं स्टूल – विल्यम व्हाइट यांना न्यूयॉर्कच्या प्लाझांवर फिल्म काढून शेवटी हेच दिसलं, की बसायला जागा असेल तिथे लोक बसतात. ऐकायला साधं आहे, पण १९७५ साली त्या शहराने प्लाझांचे नियम बदलले ते असल्या साध्या मोजणीच्या बळावर.

१३. नोंदीचे रकाने घरूनच ठरवून ने – गेल यांनी गरजेच्या, आवडीच्या आणि माणसांच्या सहवासाच्या अशा तीन प्रकारच्या हालचाली सांगितल्या, पण मंडईत भाजी घेता घेता अर्धा तास बोलणारी बाई कुठल्या रकान्यात, हे भर मंडईत ठरवायला गेलीस तर दर वेळी वेगळं ठरवशील.

१४. कोण दिसतं ते लिहून झालं, की कोण दिसत नाही याची एक ओळ रोज लिही – म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले, दुपारच्या मुली. गैरहजेरी मोजायची सवय नसेल तर सगळी शहरं छान दिसतात.

१५. बायकांची मोजणी करताना ‘काही कारण दिसतं’ आणि ‘काही कारण दिसत नाही’ असे दोन रकाने ठेव – शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ सालच्या ‘व्हाय लॉयटर?’मध्ये मुंबईबद्दल हेच दाखवलं, की बाईला बाहेर उभं राहायला हातात पिशवी, कानाला फोन, असलं काही निमित्त लागतं. निमित्ताशिवाय उभी असलेली एक बाई दहा बाकांपेक्षा जास्त सांगते.

१६. जागेपासून सगळ्यात जवळचं बायकांचं स्वच्छतागृह कुठे, ते किती वाजता उघडतं आणि पैसे घेतात का, हे पहिल्याच दिवशी नकाशावर टाक – बाई बागेत किती वेळ थांबणार हे कित्येकदा त्यावरच ठरतं, आणि तुलाही दिवस तिथेच काढायचाय.

१७. फुटपाथवर ट्रायपॉड उघडू नकोस – पाच मिनिटांत बघे जमतात, दहा मिनिटांत हवालदार येतो, आणि ज्या रोजच्या वागण्यासाठी तू आलीस ते त्या दिवसापुरतं संपतं.

१८. रेल्वेच्या हद्दीत मोजणी करायची किंवा फोटो काढायचे असतील तर लेखी परवानगी आधी काढ – पुलाची कुठली पायरी पालिकेची आणि कुठली रेल्वेची, हा वाद तुझ्या वहीच्या जोरावर मिटणार नाही.

१९. सणाच्या दिवशी मोज, पण सणाच्या आधीच्या साध्या दिवशीही मोज – पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद असतो आणि लोक मधोमध चालतात. छान वाटतं, पण तुलनेला आधीच्या आठवड्याचे आकडे हाताशी नसतील तर ते नुसतं कौतुक.

२०. तात्पुरत्या गोष्टीला हलकं समजू नकोस. राहुल मेहरोत्रा आणि हार्वर्डच्या चमूने २०१३चा प्रयागचा कुंभमेळा उभारणीपासून मोडणीपर्यंत अभ्यासला – गणपतीचा मांडव, आठवडी बाजार, वारीचा तळ ही आपल्याकडची शहरं अशीच येतात आणि जातात. त्यांचा अभ्यास करायचा तर बांबू रोवताना आणि उपटताना दोन्ही वेळा हजर राहा.

२१. पावसाळ्यात शिसपेन्सिल, उन्हाळ्यात टोपी, बारा महिने पाण्याची बाटली, आणि घरी एकाला तरी कुठे आहेस ते सांगून ठेवणं – ज्ञानाची तहान मोठी असली तरी उष्माघात पदवी बघून होत नाही.

२२. त्याच संध्याकाळी फोटोंना तारीख आणि जागेचं नाव दे – ‘फोटो विनातारखेचा, पुरावा बिनकामाचा’. सहा महिन्यांनी दोन फुटपाथांमधला फरक त्या फुटपाथांनाही सांगता येत नाही.

माणसांशी बोलताना

२३. ओळखपत्रासोबत विभागाचं पत्र मराठीत करून घे, त्यावर गाइडचा फोन नंबर असू दे – कडक इंग्रजी पत्र वाचून बीटवरचा हवालदार ‘साहेबांना विचारा’ म्हणतो, मराठी पत्र वाचून ‘मॅडम, सावलीत बसा’ म्हणतो.

२४. पहिल्या दिवशी प्रश्नावली काढूच नकोस. भाजी घे, चहा पी, पैसे दे आणि घासाघीस करू नकोस – पुढे तू तिचा तास घेणार आहेस, तिथे दोन रुपयांसाठी ताणणं शोभत नाही.

२५. मुलाखतीला धंद्याची वेळ टाळ – संध्याकाळी सहाला तुला मिळतील ती हो-नाहीची उत्तरं, आणि तिचं गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल. दुपारी बाजार ओस पडतो तेव्हा ती आपणहून बोलते.

२६. फेरीवाल्यांवर काम करणार असशील तर २०१४ सालचा पथविक्रेता कायदा आधी वाच – नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, हे तुला माहीत नसेल तर ‘समितीचं काय झालं?’ हा सगळ्यात कामाचा प्रश्न तू विचारणारच नाहीस.

२७. कोर्टाचा निकाल पुरता वाच, दुसऱ्याने केलेला सारांश नको – १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला, एवढंच लोक सांगतात. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही, योग्य रीतीने हटवायला मुभा ठेवली, हे निम्म्या पेपरांत सापडत नाही.

२८. परवाना नसलेल्याचं नाव आणि नेमकी जागा छापील नकाशावर कधी टाकू नकोस – तू काढलेला ठिपका उद्या अतिक्रमण विभागाच्या गाडीला पत्ता म्हणून पुरतो.

२९. ‘माझ्या अभ्यासाने तुमचं काम होईल’ असं चुकूनही बोलू नकोस – तुझ्या हातात फक्त लिहिणं आहे. तेवढंच वचन दे, आणि ते पाळ.

३०. फोटोआधी विचार, आणि नको म्हटलं तर फोन पर्समध्ये टाक, नुसता खाली धरू नकोस – खाली धरलेल्या फोनवर कुणाचा विश्वास नसतो.

३१. सहमतीचा छापील फॉर्म पुढे करण्याआधी तोंडी समजावून सांग, आणि सही नको असेल तर तोंडी होकाराची नोंद करायची सोय विभागाच्या एथिक्स समितीकडून आधीच मागून ठेव – ज्याला कागदाने आजवर फक्त नोटीस दिली, तो कागद बघूनच गप्प होतो.

कागदपत्रं आणि नकाशे

३२. विकास आराखडा घेऊन त्या रस्त्याने स्वतः चाल – ‘प्लॅनमध्ये फुटपाथ, पायाखाली गटार’ हे आपल्या शहरांचं जुनं दुखणं आहे. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा दुरुस्तीसाठी मागे घ्यावा लागला, त्याच्या आधी रहिवाशांनी आपापल्या गल्लीतल्या चुकाच दाखवल्या होत्या.

३३. माणशी मोकळ्या जागेचा आकडा ऐकलास की ‘यात काय काय धरलंय?’ विचार – मुंबईसाठी १.२४ चौरस मीटर हा आकडा नेहमी सांगतात आणि २०१४च्या केंद्रीय मार्गदर्शिकेतल्या १० ते १२ चौरस मीटरशी त्याची तुलना करतात. पण सभासदांचा जिमखाना, कुलूप लावलेली बाग आणि सगळ्यांचं मैदान एकाच बेरजेत घालायचं का, हे ठरवल्याशिवाय तुझा आकडा कुठल्याही बाजूने वळवता येतो.

३४. क्यूजीआयएस शीक आणि ओपनस्ट्रीटमॅपवर हात बसव – दोन्ही फुकट आहेत. महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन कॉलेजच्या ओळखपत्रासोबत परत जातं, तेव्हा तुझ्या नकाशांनाही कुलूप लागतं.

३५. स्पेस सिंटॅक्स जरूर शीक. बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांचं १९८४चं पुस्तक जड आहे, पण लंडनच्या ट्रफाल्गर चौकाची २००३ची मांडणी करताना ही पद्धत कामी आली – मात्र तिच्या नकाशातली लाल रेघ कुठून जाणं सोपं ते सांगते, तिथे भेळवाला का थांबला ते सांगत नाही. त्यासाठी भेळ खावी लागते.

३६. माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी एकदा टेबलाशी जाऊन साधं विचारून बघ – निम्मे कागद विचारल्यावर मिळतात. नाही मिळाले तर अर्ज मराठीत, एका अर्जात एकच विषय, म्हणजे उत्तर टाळायला फट राहत नाही.

३७. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार किंवा पुण्याचं पेशवे दफ्तर बघायला गेलीस तर फाइल क्रमांक मजकुराच्या आधी उतरवून घे – कागद पुन्हा सापडतो तो क्रमांकाने, तो हिरव्या बासनात होता या आठवणीने नाही.

३८. सगळं तीन ठिकाणी ठेव: लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि क्लाउड – लॅपटॉप नेहमी सबमिशनच्या आठवड्यातच बंद पडतो, त्याला तारखा कोण कळवतं देव जाणे.

वाचताना, लिहिताना

३९. जेन जेकब्स यांचं १९६१चं पुस्तक पहिल्या पानापासून वाच, ‘रस्त्यावरचे डोळे’ एवढेच शब्द उचलू नकोस – मिश्र वापर, छोटे ब्लॉक, जुन्या-नव्या इमारती आणि पुरेशी दाटी या चार गोष्टी एकत्र हव्यात, असं त्या म्हणतात. आपल्या जुन्या पेठांत हिंडताना ही चौकट कुठे बसते आणि कुठे तोकडी पडते, ते तपासायला मजा येते.

४०. केविन लिंच यांचे पाच घटक पाठ करण्याऐवजी त्यांनी ते कसे काढले ते कर – बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमध्ये लोकांना बोलतं करून, त्यांच्याकडून नकाशे काढून घेऊन १९६०चं ते पुस्तक झालं. रिक्षावाल्याकडून त्याच्या भागाचा नकाशा काढून घे, बघ तुझा नकाशा किती फिका पडतो.

४१. संदर्भयादीत दहा परदेशी नावं आणि इथलं एकही नाही, असं होऊ देऊ नकोस – शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रांचं मुंबईवरचं १९९५चं पुस्तक, हिमांशु बुर्ते यांचं ‘स्पेस फॉर एंगेजमेंट’, फेरीवाल्यांवरचं शरित भौमिक यांचं काम, हे सगळं तुझ्याच रस्त्यांवर उभं आहे.

४२. संदर्भ रोजच्या भांड्यांसारखे त्याच दिवशी घासून ठेव – साठले की शेवटच्या आठवड्यात कुठलं ताट कुणाचं तेच कळत नाही, आणि दुसऱ्याचं ताट आपल्या नावावर गेलं तर त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात.

४३. जागेवरून आलीस की जेवणाआधी पानभर लिही – झोपेनंतर आठवतं ते नीटनेटकं असतं, खरं तेवढं राहत नाही. ‘लिहिलेलं ते राहिलं, बोललेलं ते वाहिलं’ ही म्हण मी केलीय, तू खुशाल वापर.

४४. पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या जर्नलला लांबून नमस्कार – यूजीसीची ‘केअर’ यादी २०२५ साली बंद झाली, तेव्हा आता पारख तुलाच करायचीय. संपादक कोण, जुने अंक कसे, परीक्षण होतं का, हे तिन्ही बघितल्याशिवाय काही पाठवू नकोस.

४५. ज्या नियतकालिकात लिहायचंय त्याचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळ, मग ते ‘जर्नल ऑफ अर्बन डिझाइन’ असो की मुंबईहून निघणारं ‘ईपीडब्ल्यू’ – प्रत्येक घरात चर्चा आधीच चालू असते, दारातून शिरताच आपलंच सुरू करू नये.

४६. पेपर परत आला तर परीक्षणाचं पत्र चार दिवस बाजूला ठेव, मग उघड – पहिल्या वाचनात परीक्षक दुष्ट वाटतो, दुसऱ्या वाचनात त्याचे तीन मुद्दे बरोबर निघतात, आणि चौथ्यावर तू त्याला नम्रपणे हरवू शकतेस.

४७. पेपरावर कुणाचं नाव कितवं, हे पाहणीला निघण्याआधी लिहून ठरव – पेपर स्वीकारला गेल्यावर प्रत्येकाला आपलं ऊन सगळ्यात कडक होतं असं आठवतं.

गाइड, कॉलेज, स्टुडिओ

४८. गाइडशी भेट झाली की त्याच रात्री ‘आज हे ठरलं’ अशी चार ओळींची मेल कर – ‘गाइड बदलता येतो, गाइडचा स्वभाव नाही’. ती मेल दोघांचीही आठवण ताळ्यावर ठेवते.

४९. यूजीसीचे २०२२चे पीएचडीचे नियम स्वतः वाच, कॅन्टीनमध्ये ऐकू नकोस – किमान तीन वर्षं, कमाल सहा, बायकांना त्यापुढे सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा, हे त्यात लिहिलंय. कॅन्टीनमध्ये दर टेबलाला वेगळं सांगतात.

५०. स्टुडिओत ज्युरीला बसलीस की आधी ड्रॉइंगमधली एक चांगली गोष्ट सांग, मग कात्री चालव – रात्रभर जागलेल्या पोराला पहिलं वाक्य लागलं की पुढची वीस ऐकू येत नाहीत.

५१. विद्यार्थ्यांकडून साइटची मोजणी करून घेतलीस तर त्यांची नावं नकाशावरच छाप – आभाराच्या पानावर ‘सर्व विद्यार्थी’ असं लिहिणं म्हणजे कुणालाच न लिहिणं.

पालिका आणि सल्ल्याची कामं

५२. वॉर्ड ऑफिसचा चहा नाकारू नये, करार मात्र वाचून सही करावी – निष्कर्ष छापायचा हक्क तुझ्याकडे आहे की नाही, हे त्या बारीक अक्षरांत असतं.

५३. एकदम कायमचं बांधकाम सुचवण्याआधी थोडं करून बघायला सांग, आणि आधीची-नंतरची मोजणी तू कर – कोपनहेगनचा मुख्य रस्ता स्ट्रॉयट १९६२ साली प्रयोग म्हणून गाड्यांना बंद झाला तेव्हा दुकानदार धास्तावले होते. पुढे तो रस्ता टिकला आणि त्याच शहरात गेल यांच्या मोजण्या झाल्या.

५४. स्कायवॉकवरून जाणारे मोजलेस तर त्याच वेळी खालून जाणारेही मोज – मुंबईत २००८ पासून स्कायवॉक उभे राहिले. ते किती उपयोगी, हे जिन्याच्या दोन्ही टोकांना उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

५५. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की लेखी दे, नकाशा क्रमांकासह – सभेत कितीही चांगलं बोललीस तरी फाइलला कान नसतात.

५६. वर्तमानपत्राला बोलताना एक आकडा आणि एक वाक्य, बस – जास्त बोललीस तर त्यातलं तुला नको असलेलंच ठळक छापून येतं.

घर, पैसा, तब्येत

५७. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेव – फेलोशिप मंजूर होणं आणि खात्यात पडणं यांच्यामध्ये एक मोठं मैदान असतं, आणि त्यात सावली नसते.

५८. मित्रमैत्रिणींबरोबर मरीन ड्राइव्हला गेलीस तर समुद्राकडे बघ, कट्ट्यावरची माणसं मोजू नकोस – पुढच्या वेळी कुणी बोलावणार नाही, आणि त्यांनीच बोलावलं नाही तर शहराबद्दल तू लिहिणार कोणाच्या जिवावर?

शेवटी, परतफेड

५९. अभ्यास संपला की एक पानाचा मराठी सारांश कर, मोठ्या अक्षरात, एखादा नकाशा घालून, आणि तो वॉर्ड ऑफिस, फेरीवाल्यांची संघटना, बागेचा वॉचमन असा हातोहात दे – थीसिस शोधगंगेवर जाईल आणि चार संशोधक उघडतील. ज्यांच्यावर तो लिहिला त्यांच्या हातात पडेल ते हेच पान.

६०. तो सारांश वाचून कुणी म्हणालं, ‘मॅडम, हे चुकीचं लिहिलंय’, तर वाईट वाटून घेऊ नकोस. स्टूल ओढून बस, वही काढ आणि कुठे चुकलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे – तुझा पुढचा पेपर तिथूनच सुरू होतो.